ओल्या बोटांची बाई

५ जून

चि. भुंग्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पाणी भरून झालं होतं. दूध उतू जाऊ नये म्हणून मी एक डोळा तिकडे ठेवून कपडे भिजवत होते, आणि हे पायरीवर बसून छापखान्यातून आलेले कच्चे कागद तपासत होते. खालच्या पायरीवर खिळेकाका. त्यांची बोटं कायम शिशाने काळी. चहाच्या कपावर त्यांचे ठसे उमटायचे आणि ते घासून काढणं हे माझ्या रोजच्या कामांपैकी एक काम होतं. केर, पाणी, दूध, कपडे, ठसे. त्या सकाळी हे कागदावरून मान वर न करता म्हणाले, की राहू दे एखादा कप तसाच, काय बिघडतं. मी घासून काढला.

आतोबा कविता लिहायचे तेव्हा घरात काय चाललेलं असायचं, असं तू विचारलंस म्हणून ही एक सकाळ लिहून पाठवली. यात तुझ्या कामाचं काही असेल असं वाटत नाही. तुम्ही इतिहासवाले लोक लढाया सोडून कपबशांच्या मागे कधीपासून लागलात?

खिळेकाकांना तू पाहिलेलं नाहीस. तुझ्या जन्माआधीच ते गाव सोडून गेले. हे छापखान्यात मजकूर तपासायचे आणि ते तिथेच जुळारी होते, शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायचे. शेजारची पोरं त्यांना खिळेकाका म्हणायची, मी भावजी म्हणायचे. लग्न झालं तेव्हा मला सही येत नव्हती. भावजींनी झिजलेल्या खिळ्यांची पुडी आणून दिली, त्यावरून मी अक्षरं गिरवली. खिळ्यावर अक्षर उलटं असतं हे कुणी सांगितलंच नाही. वर्षभर मी आरशातल्यासारखं लिहीत होते आणि हे दोघं पोट धरून हसायचे. पुढे छापखान्यातल्या रद्दी कागदांवरून वाचत वाचत माझी मीच सरळ झाले.

इकडची बातमी अशी की यांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे. वीस ऑगस्टला समारंभ, त्यात माझा सत्कार. प्रकाशकांना मुखपृष्ठावर माझ्या हातांचा फोटो हवा होता. फोटो काढणारी पोरगी घरी आली आणि माझे हात बादलीत तीनदा बुडवून घेतले. यांच्या कवितेतली ‘ओली बोटं’ म्हणजे ओलीच दिसली पाहिजेत ना. नंतर दोन दिवस खांदा धरला होता.

आतोबांच्या हाताचं काही शिल्लक आहे का, असंही विचारलं आहेस. नाही. कवितांची वही छापखान्यातच गहाळ झाली.

दातवालीला सांग, कवळी आता बसते आहे, फक्त ‘स’ म्हणताना शिट्टी वाजते. तिने चेष्टा करू नये, मी तिची आत्येसासूच लागते. तुझा बाप मागच्या आठवड्यात येऊन गेला. तुझं नाव काढलं नाही, पण तुझ्या पत्राच्या पाकिटाकडे बराच वेळ बघत होता.

माझ्यावर जीव आहे तसा राहू दे. प्रश्न थोडे कमी कर.

तुझी आत्या

*

१४ जून

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र दातवालीने मोठ्याने वाचलं, शिट्टीसकट. आत्येसासूबाईंना तिचा दंडवत. रात्री कवळी पाण्यात ठेवायची, असं तिने तिसऱ्यांदा सांगितलं आहे.

आता माझं काम. माझं पुस्तक कशावर आहे ते तू कुणाला सांगत नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून एकदा सरळ लिहिते. आपल्या उपखंडातल्या सात भाषांमधल्या जुन्या लेखनात पुरुषाचं पुरुषावर, बाईचं बाईवर जे प्रेम आलं आहे, ते शोधून मी त्याचं भाषांतर करते आणि ते कसं लपलं, कुणी लपवलं, याचा इतिहास लिहिते. त्याला आता क्वीअर म्हणतात. तू म्हणालीस की हा शब्द तुझ्या जिभेवर बसत नाही. नको बसू दे. माझ्यासारखी माणसं माझ्या आधी होती, एवढंच मला दाखवायचं आहे. बाबा म्हणाले होते ना, की आपल्याकडे असलं कधी कुणी नव्हतं. त्या वाक्यावर मी अकरा वर्षं काम करते आहे.

आतोबा माझ्या पुस्तकात नव्हतेच. बायकोवर कविता लिहिणाऱ्या माणसाचं तिथे काय काम? पण मागच्या महिन्यात एका ग्रंथालयाच्या तळघरात दोन अंक निघून बंद पडलेलं एक मासिक सापडलं. त्यात आतोबांची कविता आहे, पुस्तक निघायच्या वर्षभर आधीची. पुस्तकात आपण सगळे वाचतो ती ओळ अशी: ‘तुझी ओली बोटं माझ्या कपाळावर राहू दे, पुसू नकोस.’ मासिकात आहे, ‘तुझी काळी बोटं माझ्या कपाळावर उमटू दे, पुसू नकोस.’ पुढे पुस्तकात साबणाचा वास येतो. मासिकात तिथे रॉकेलचा वास आहे. मी छापखान्यात काम केलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं. ते म्हणाले, खिळे रॉकेलने धुवायचे.

तुझं पत्र यायच्या आधीच मला ती बोटं कुणाची याचा संशय होता. तू कपांवरच्या ठशांचं लिहिलंस आणि मी उठून खोलीत फेऱ्या मारायला लागले.

मला वाटतं, पुस्तक काढताना आतोबा घाबरले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने त्या माणसाला खोडून तुला तिथे बसवलं. त्यावर मी एक प्रकरण लिहिते आहे, ‘स्वतःला खोडणारा कवी’. ऑगस्टअखेर हस्तलिखित द्यायचं आहे. तुला दुखेल, हे कळतं. तरी विचारते, तुला काय माहीत आहे? खिळेकाका हयात आहेत. एका वृद्धाश्रमाचा पत्ता मिळाला आहे, इथून बसने चार तास. मी जाणार आहे.

रागावलीस तरी पत्र थांबवू नकोस. त्या घरातून मला येणारं तेवढंच एक आहे.

तुझा भुंगा

*

१९ जून

चि. भुंग्यास आशीर्वाद.

तू तिकडे जाऊ नकोस.

एक कविता कुठल्या तळघरात सापडली आणि तू त्यावर अख्खा माणूस उभा केलास. मासिकवाल्यांनी चुकीचं छापलं असेल. छापखान्यात चुका होतात, त्या काढण्यातच यांचं आयुष्य गेलं. नऊ वर्षं झाली यांना जाऊन. यांच्या पुस्तकावर माझे चार दिवस बरे चालले आहेत. कॉलेजातल्या मुली येतात, माझे हात हातात घेतात, म्हणतात की असा नवरा मिळाला पाहिजे. मी त्यांना चहा देते. तुला ते बघवत नाही का?

तुला तुझ्यासारखंच सगळं जग दिसतं. तुझ्या बापाने दार लावून घेतलं तेव्हा मी माझं उघडं ठेवलं, ते माझं घर उकरायला नव्हे. भावजी आता सत्तरीच्या पुढे असतील. म्हाताऱ्या माणसाला शेवटी शेवटी गाठून काय विचारणार आहेस? ज्याचं त्याच्यापाशी राहू दे.

दातवालीला काही सांगू नकोस. कवळी पाण्यात ठेवते आहे.

लोभ कमी झालेला नाही, पण तो इतका ताणू नकोस.

आत्या

*

२ जुलै

ती. आत्यास सा. न.

तुझं ‘तुझ्यासारखंच’ वाचलं. बाबा हाच शब्द वापरतात. तुझ्या अक्षरात तो पहिल्यांदा पाहिला.

मी जाऊन आले. एका खोलीत आठ खाटा, खिडकीजवळची त्यांची. डोळे जवळजवळ गेलेत, भिंग लावून मोठी अक्षरं कशीबशी वाचतात. मी कोण ते सांगितल्यावर पहिल्यांदा तुझी तब्येत विचारली. तू अजून उलटं लिहितेस का, असं विचारून हसले. मग मी आतोबांचं नाव काढलं.

शेवटी थोडं बोलले ते तसंच लिहिते. पुस्तकाच्या वेळी आतोबा काविळीने दवाखान्यात होते. मजकूर छापखान्यात आला आणि मालकाने तो नेमका खिळेकाकांकडेच जुळवायला दिला. वही त्यांनी आधी आतोबांच्या तोंडून पुष्कळदा ऐकलेली, पाठच होती. पहिल्या कवितेत एक शब्द वेगळा दिसला, त्यांना वाटलं सुधारलं असेल. दुसरीत दोन. अकरावी जुळवताना त्यांना कळलं की प्रत्येक कवितेतून आपल्याला उचलून बाहेर ठेवलं आहे. अडतीसच्या अडतीस त्यांनी स्वतः जुळवल्या, एकेक खिळा. ते म्हणाले, त्यांनी मला पुसलं आणि मी जुळवलं. शेवटचं पान बांधून झाल्यावर हात धुतले आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर गेले नाहीत. महिन्याभरात गाव सोडलं. त्यानंतर एकही कविता वाचलेली नाही, असं म्हणाले. त्यात तक्रार नव्हती, हेच मला ऐकवेना.

नाव छापू नकोस म्हणाले. लिहायचंच असेल तर जुळारी एवढंच लिही.

म्हणजे माझं म्हणणं खरं ठरलं. प्रकरण आहे तसंच जाईल. कवीने भीतीने प्रेम खोडलं आणि ज्याला खोडलं त्याच्याच हातून ते छापून घेतलं. मला आतोबा फार आवडायचे, आत्या. आता त्यांचा फोटो मी भिंतीवरून काढून ठेवला आहे.

पत्र आलं तर वाचीन.

भुंगा

*

७ जुलै

ती. भावजींना शि. सा. नमस्कार.

एक्केचाळीस वर्षांनी पत्र लिहिते आहे. अक्षर मोठं काढलं आहे, भिंगाने वाचता येईल असं. सरळच आहे.

माझी भाची तुमच्याकडे येऊन गेली. तुम्ही तिला सांगितलंत त्यात एक गोष्ट चूक आहे. तुम्हाला यांनी पुसलं नाही. मी पुसलं.

हे काविळीने पडले तेव्हा प्रकाशक घाई करत होते. यांचं अक्षर छापखान्यात कुणाला लागायचं नाही, म्हणून यांनी मला वही दिली आणि स्वच्छ प्रत करून छापखान्यात द्यायला सांगितलं. माझं अक्षर चांगलं झालं होतं, खिळ्यासारखं. त्याचा यांना अभिमान होता. मी वाचायला शिकून तेव्हा सात वर्षं झाली होती, पण यांची वही मी कधी उघडली नव्हती. यांनी आपल्या हाताने दिली म्हणून उघडली.

अडतीस कविता. मी घरातली कामं आटपून दुपारी बसायचे आणि माझं काही सापडतं का ते बघायचे. एकीतही मी नव्हते. पायरी होती, चहा होता, कपावरचे ठसेसुद्धा होते. ते ठसे घासून टाकणारी कुणीतरी होती, तिला यांनी एका ओळीत ‘घरातलं पाणी’ म्हटलं होतं. तेवढीच मी.

मला किळस आली नाही, भावजी. आली असती तर सांगायला सोपं झालं असतं, लोकांनी समजून घेतलं असतं. मला एवढंच वाटलं की घर मी चालवते आणि राहतं दुसरंच कुणी. मग मी काळी बोटं होती तिथे ओली केली, कारण माझी दिवसभर ओली असायची. रॉकेलच्या जागी साबण लिहिला. तुमच्या नाकावर चष्म्याचा वळ होता, त्याची मी गालावरची बट केली. माझी बट गालावर कधी येत नव्हती, घट्ट बांधायचे, पण लिहिताना बरं वाटलं. सात दुपारी लागल्या. सातव्या दिवशी प्रत नेऊन मालकांच्या हातात दिली. ते ती तुमच्याकडे देतील हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं लिहिणार होते, पण होतं.

हे घरी आल्यावर पुस्तक आलं. सकाळभर वाचत बसले. मी आत भांडी घासत होते, तेवढीच भांडी पुन्हा पुन्हा. बाहेर येऊन म्हणाले, छपाई चांगली झाली आहे. मग चप्पल घालून तुमच्या खोलीवर गेले. तिथे दुसरं बिऱ्हाड आलेलं होतं. तीन वर्षं हे तुम्हाला शोधत होते. छापखाने पालथे घातले. तुमचा पत्ता त्यांना मिळाला नाही. मला एका शब्दाने विचारलं नाही, वही मागितली तेव्हा मी हरवली म्हणाले, त्यावरही काही बोलले नाहीत. पुढे कधी कविता लिहिली नाही. लोक म्हणायचे संसारात सुखी माणसाचं असंच होतं. मी मान हलवायचे.

वही माझ्याकडे आहे. कपाटात रद्दी कागद अंथरले आहेत, तुम्हीच आणलेले, त्याखाली. म्हणाल तर पाठवते.

माफी मागायला हे लिहिलेलं नाही. तुम्ही चुकीच्या माणसावर रागावून बसला आहात, ते कळावं म्हणून लिहिलं.

मी तुम्हाला भावजी म्हणत आले. तेवढं नातं तरी तोडू नका, अशी विनंती.

तुमची वहिनी

*

२५ जुलै

वहिनींस नमस्कार.

तुमचं पत्र भिंगातून वाचायला दोन दिवस लागले. उत्तर लिहायला दोन आठवडे. ओळ वरखाली होते, सांभाळून घ्या.

इतकी वर्षं मी एका चांगल्या माणसाला भेकड म्हणत होतो. ते गेल्याचं वर्तमानपत्रात कळलं त्या दिवशीही म्हटलं. आता तो शब्द कुठे ठेवू ते समजत नाही. तुमच्यावर रागावायला हवं, पण या वयात राग नव्याने सुरू करायचा म्हणजे दम लागतो.

तुमचं अक्षर मी ओळखलं होतं. खिळे जुळवणारा अक्षर ओळखणार नाही का? पण मला वाटलं त्यांनी सांगितलं आणि तुम्ही लिहिलंत. तुमच्या मनात तुमचं स्वतःचं काही असेल हे मला सुचलंच नाही. त्यांच्या कवितेत तुम्ही नव्हतात तशा माझ्याही डोक्यात नव्हतात. ती माझी चूक. बाकीची तुमची.

एक विचारतो. गाव सोडल्यावर मी त्यांना एक कार्ड टाकलं होतं. वर फक्त नवा पत्ता, मजकूर काही नाही. वाटलं, यायचं असेल तर येतील, नाहीतर समजायचं ते समजू. उत्तर आलं नाही म्हणून समजलो. तुम्ही लिहिता त्यांना पत्ता मिळाला नाही. ते कार्ड पोचलं होतं का?

वही पाठवू नका. मला वाचता येत नाही आणि इथल्या कुणाकडून ती वाचून घ्यायची नाही. घेऊन या आणि तुम्ही वाचा. माफी द्यायला माझ्याकडे शिल्लक नाही, ती अपेक्षा ठेवून येऊ नका.

भेटीची वेळ दहा ते बारा. जिना आहे, गुडघे सांभाळा.

तुमचा भावजी

*

११ ऑगस्ट

चि. भुंग्यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी बसस्टँडसमोरच्या लॉजमधून लिहिते आहे. भावजींना पाठवलेल्या माझ्या पत्राची नक्कल आणि त्यांचं उत्तर सोबत जोडलं आहे. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस? आता आतोबांचा फोटो परत भिंतीवर लाव.

तुझं प्रकरण खोटं आहे, ते काढ. कवीने स्वतःला खोडलं नाही. कवी आजारी होता आणि त्याच्या बायकोने प्रत केली. तू आणि तुझे तज्ज्ञ लोक सरकार शोधता, समाज शोधता, भीती शोधता. एवढ्या पुस्तकांत एकाही ठिकाणी स्वच्छ प्रत कुणी केली हे बघितलं नाहीस. बायकोच करते ना. प्रत, चहा, धुणं. तू माझ्या पत्रात कपावरचे ठसे पाहिलेस आणि घासणारी पाहिली नाहीस. भावजींनीही नाही, यांनीही नाही. तुम्हा तिघांना एवढंच जमलं नाही बघ.

तुला मी ‘तुझ्यासारखंच’ लिहिलं. तो शब्द मागे घेता येत नाही, पण का लिहिला ते सांगते. तू दातवालीला घेऊन पहिल्यांदा माझ्या दारात आलीस तेव्हा मी दोघींना आत घेतलं आणि गावभर नाव झालं, की आत्या मोठ्या मनाची. मोठं मन वगैरे काही नव्हतं. तुम्ही दोघी पायरीवर बसलात, एक वर, एक खाली, आणि मला चहा करायला हात हलवेना. तेव्हापासून मी तुला जे काही दिलं त्यात निम्मी माया आणि निम्मी फेड आहे. तू सगळी मायाच समजत होतीस, म्हणून तुझा प्रश्न मला झोंबला.

प्रकाशकांना मी कळवलं, की पुस्तकातला मजकूर खरा नाही, खरी वही माझ्याकडे आहे, ती छापा. त्यांचं उत्तर चार ओळींचं आलं. मुखपृष्ठ छापून झालं आहे, कॉलेजांत पुस्तक लागलेलं आहे, आणि या वयात स्मृतीवर फार विसंबून राहू नये. वर सत्काराला कुठल्या रंगाची शाल आवडेल असं विचारलं आहे. मी सत्काराला जाणार नाही, पण माझे हात जातील. प्रत्येक दुकानात ओले लटकत राहतील. ते मी केलेलं आहे, मला बघावं लागेल. तू मात्र तुझ्या पुस्तकात खरं छाप. माझं नाव नको असेल तर ‘कवीची बायको’ लिही, सगळ्यांना कळेल.

आता कार्डाचं. ते पोचलं होतं. हे छापखान्यात गेलेले, मी केर काढत होते, पोस्टमनने दारातून आत टाकलं. वर नुसता पत्ता, खाली कोरं. त्या कोऱ्या जागेत काय लिहिलेलं आहे ते मला लगेच वाचता आलं. तोवर मी चांगली वाचक झाले होते. वहीत घातलं आणि कागदाखाली ठेवून दिलं. त्याच महिन्यात हे दुसऱ्या गावच्या छापखान्यांत चौकशी करायला निघाले आणि मी डबा बांधून दिला. तीन वर्षं मी डबे बांधले. शब्द बदलले ते मत्सराने, असं मी स्वतःला सांगू शकते. डबे कशाने बांधले ते मला अजून सांगता येत नाही.

आज दहा वाजता वर गेले. जिना खरंच वाईट आहे. भावजी खाटेवर उशाला टेकून बसले होते. मी त्यांना चेहऱ्यावरून ओळखलं नसतं. बोटं बघितली आणि थांबले. पांढरी झाली आहेत, स्वच्छ, लहान मुलाच्या बोटांसारखी. मी इतकी वर्षं जे घासत होते ते सगळं निघून गेलं आहे.

पहिल्यांदा कार्ड हातात दिलं. त्यांनी ते चाचपडलं, कड बोटाने मोजल्यासारखी केली, आणि विचारलं की त्यांनी हे पाहिलं का. मी नाही म्हणाले. कुणी लपवलं हे त्यांनी विचारलं नाही. कार्ड उशीखाली ठेवलं आणि वाचा म्हणाले.

मी वाचलं. यांचं अक्षर अजूनही लागत नाही, पण मला पाठ होतं. कवळी शिट्टी वाजवत होती, शेजारच्या खाटेवरचे एक गृहस्थ हसले, भावजींनी त्यांना गप्प बसवलं. प्रत्येक कविता झाली की ते मान हलवायचे, कच्चा कागद तपासून बरोबर निघाल्यावर हे हलवायचे तशी. अकरावीत काळी बोटं आली. ती ओळ त्यांनी दोनदा वाचायला लावली. मग म्हणाले, पुस्तकात आहे तशीही एकदा म्हणा. मी ‘ओली’ म्हणून दाखवली. त्यावर ते म्हणाले, की ओळ वाईट नव्हती. मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग ते भिंतीकडे कूस करून निजले आणि आता पुरे म्हणाले. परत या असं म्हणाले नाहीत, येऊ नका असंही नाही. मी वही पिशवीत घातली. वेळ संपली म्हणून खालची बाई वर येऊन उभी राहिली होती. जिना उतरताना कठडा धरला आणि पहिल्यांदा यांच्यासाठी रडले. नऊ वर्षं मी जे रडत होते ते पुस्तकातल्या नवऱ्यासाठी होतं. तो मीच लिहिला होता.

तुझ्या मनात माझ्यासाठी काय उरलं असेल ते मला माहीत नाही. जे उरलं असेल ते कळव, गोड करून नको. दातवालीला आशीर्वाद.

तुझी आत्या

ता. क. पत्र काल टपालात टाकायचं राहिलं, म्हणून एक ओळ वाढवते. आज दहा वाजता मी पुन्हा जिना चढले आणि बाराव्या कवितेपासून पुढे वाचलं.